निसर्गचित्र आणि उठावशिल्प वर्गात शिकवताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात शाळेत चित्रकला शिकवते आणि रविवारी घराच्या अंगणात पाचवी ते दहावीच्या मुलांचा वर्ग घेते. जून लागला की नवे ड्रॉईंगचे शिक्षक, काही पालक आणि कधीकधी मोठी झालेली माझीच पोट्टी तेच तेच प्रश्न विचारतात. फोनवर उत्तरं देता देता चहा गार होतो, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. काही उत्तरं लांबली आहेत. मुलं तिथेच अडतात, म्हणून.

निसर्गचित्र रंगांचं काम, उठावशिल्प (सपाट पृष्ठभागावर उठून दिसणारं शिल्प) मातीचं. दोन्ही एकाच सत्रात का घेता?

दोन्हीकडे अडचण एकच असते, जागेची. सेमिनरी हिल्सवरून दिसणारं शहर कित्येक किलोमीटर पसरलेलं असतं आणि मुलाच्या हातात असतो एक सपाट कागद. मातीच्या पाटीत, म्हणजे लाटून कापलेल्या चपट्या चौकोनात, तरी किती जागा मिळते? दीड-दोन सेंटिमीटर. तेवढ्यात जवळचं झाड, मधलं तळं आणि मागची टेकडी बसवायची. कागदावर हे काम फिक्या-गडद छटा करतात, मातीत ते उंची आणि तिची सावली करते. लांब-जवळची खोली चापून बसवायची कशी, हे एकीकडे कळलं की दुसरीकडे अर्धं काम झालेलं असतं.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाच्या हातात रुपयाचं नाणं देते. खिडक्या लावून खोली अंधारी करायची. मोबाइलचा टॉर्च आधी नाण्याच्या बरोबर वर धरायचा, मग हळूहळू खाली आणत नाण्याच्या कडेला टेकवायचा. सरळ उजेडात सिंह पुसट दिसतात, तिरप्या उजेडात एकदम उठून येतात. गेल्या वर्षी सहावीतला एक मुलगा नाण्यावर बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, हे तं हाताला काहीच वर लागत नाही, तरी दिसून राहिलं!" त्याला मग मी उठावाची व्याख्या सांगितलीच नाही.

पुस्तकात 'उत्थित शिल्प' असा शब्द आहे. ते हेच का?

हो. काही जण सरळ रिलीफ म्हणतात. मागच्या पृष्ठभागाला चिकटलेलं, समोरूनच बघायचं शिल्प. नाण्यावर असतो तो कमी उठाव. देवळाच्या भिंतीवरची मूर्ती जवळजवळ सुटी होऊन बाहेर येते, तो जास्त उठाव. तिसरा प्रकार इजिप्तच्या मंदिरांवर दिसतो: आकृतीभोवती खोल रेषा कोरून आकृती पृष्ठभागाच्या आतच ठेवलेली, बाहेर काहीच येत नाही. कडक उन्हात त्या खोल रेषेत सावली भरते आणि आकृती लांबूनही वाचता येते. नागपूरच्या उन्हाला हा प्रकार फार मानवेल असं मला नेहमी वाटतं, पण मुलांना खोदण्यापेक्षा चढवायला जास्त आवडतं.

दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, झोपडी, नारळाचं झाड. हे चित्र मुलांच्या हातातून कसं सुटेल?

रागावून सुटत नाही. मी एक-दोन वर्षं "असलं चित्र काढायचं नाही" असा हुकूम काढून पाहिला, तेव्हा मुलांनी सूर्य काढून चंद्र बसवला.

आता मी प्रश्न विचारते. तुमच्या गल्लीत नारळाची झाडं किती? वर्गात एखादा हात वर होतो. कडुनिंब किती? सगळे हात वर. मग डोंगर. आपल्याकडचे डोंगर त्रिकोणी असतात का? सेमिनरी हिल्स काय, सीताबर्डीच्या किल्ल्याखालची टेकडी काय, सगळा काळा बेसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला दगड, त्यामुळे माथा सपाट आणि उतार पायरीपायरीचे. शहराच्या पूर्वेला हा दगड संपतो आणि त्याहून फार जुने खडक लागतात. रामटेकच्या बाजूला गेलं की टेकडीची कडच वेगळी दिसते. हे भूगोलाच्या सरांकडून वदवून घेतलं तर मुलांना जास्त खरं वाटतं, का कोण जाणे.

नंतर घरचा अभ्यास: आपल्या गच्चीवरून किंवा खिडकीतून दिसतं तेवढंच काढायचं. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, वाळत घातलेल्या चादरी, कूलरचा पत्रा. निसर्गचित्रात कूलर चालतो का, असं एका पालकांनी विचारलं होतं. नागपुरात तो निसर्गाचाच भाग आहे.

यात स्पर्धांचाही दोष आहे. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीने विजेच्या तारांमधून दिसणारं पावसाळी आभाळ काढलं होतं. बक्षीस मिळालं ते दोन डोंगरांना. तिची समजूत घालायला मला आठवडा लागला.

मुलांना बाहेर न्यायचं तर कुठे?

पहिल्यांदा शाळेचं मैदान. खरंच. बस नाही, परवानगीचे कागद नाहीत, आणि मुलांना वाटतं तिथे काढण्यासारखं काहीच नाही. ते 'काहीच नाही' मोडणं हाच पहिला धडा.

त्यानंतर फुटाळा तलाव. पाणी, पलीकडची झाडी आणि आभाळ असे तीन थर तिथे आपोआप मिळतात. संध्याकाळी सूर्य समोर येतो, म्हणून पलीकडचं सगळं काळसर आणि सपाट दिसतं. नवख्यांना सोपं जातं, फक्त चाटवाल्यांकडे पाठ करून बसवावं लागतं. अंबाझरी तलावावर जास्त शांतता. महाराजबागेत जुनी मोठी झाडं आहेत, बुंध्यांच्या अभ्यासाला ती उत्तम. दिवसभराची सहल असेल तर रामटेक, साधारण ५० किलोमीटर. खिंडसी तलावाच्या काठावर बसून पाणी आणि टेकड्या, मग वर चढून देवळं. एकाच दिवसात निसर्गचित्रही होतं आणि दगडातलं कोरीवकामही बघून होतं.

महाल भागातली भोसलेकालीन देवळं विसरू नका. तिथे कोरीव दगडासमोर उभं राहून मुलांनी सावलीचंच चित्र काढायचं, मूर्तीचं नाही.

कोणत्या ऋतूत, किती वाजता?

सकाळी साडेसात ते साडेनऊ, नाहीतर संध्याकाळी साडेचारनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा एक वर्ग शहराबाहेर न्यावाच. केशरी फूल आणि राखाडी फांदी, पान एकही नाही. तेवढ्यावर तासभर बोलता येतं.

उन्हाळी शिबिर घेणाऱ्यांना एक सांगते. आपलं शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे संपता संपता आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दुपारचं चित्र काढायला बसलात तर सगळं चपटं दिसणार, कारण आकार दाखवणारी सावलीच गेली. मी मात्र हे मुद्दाम करते, बाहेर न बसवता. मेमध्ये गच्चीवर उभी बाटली ठेवून दर तासाला सावली खडूने आखायला लावते. सकाळी लांबलचक, दुपारी बुडाशी आखडलेली. डोक्यावरच्या सूर्यात चित्र का मरतं हे मग तोंडाने सांगावं लागत नाही. मुलांना टोपी आणि पाणी द्या, दोन मिनिटांत आत आणा. इथे पारा ४५ च्या वर सहज जातो.

मेमध्ये जलरंगाचंही वेगळंच होतं. ओल्या कागदावर रंग सोडून पसरू द्यायचा म्हटलं तर ब्रश पोचेपर्यंत कागद वाळलेला. पावसाळ्यात उलट, पहिला हात वाळायला अर्धी तासिका जाते. म्हणून आभाळाचे ओले प्रयोग जुलै-ऑगस्टला आणि कोरड्या ब्रशचं काम उन्हाळ्यात.

तासिका ३५ मिनिटांची, वर्गात साठ मुलं. कसं जमवायचं?

रंगाला हात न लावता. वर्गातल्या चित्रांतली निम्मी मी रंगाशिवायच करून घेते. कोळसा किंवा ४बी पेन्सिल, आणि फक्त तीन छटा: पांढरी, मधली, काळी. जुन्या पोस्टकार्डाच्या आकाराच्या पुठ्ठ्यात खिडकी कापायची, ती डोळ्यासमोर धरायची, खिडकीत दिसेल तेवढंच काढायचं. साठ मुलांत साठ खिडक्या चालतात. पाणी सांडत नाही, शेजारच्याच्या शर्टाला काही लागत नाही.

हे तीन छटांचं चित्र जपून ठेवायला सांगा. पुढे त्याचीच पाटी करायची आहे.

यथार्थदर्शन कोणत्या इयत्तेपासून?

पर्स्पेक्टिव्ह हा शब्द आठवीपर्यंत उच्चारू नका. गोष्ट मात्र पाचवीपासून शिकवता येते. मैदानावर मुलांना आधी बसायला, मग उभं राहायला, मग पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जायला सांगा. दर वेळी विचारा, कंपाउंडच्या भिंतीचा वरचा काठ डोळ्यांच्या वर आहे की खाली? क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांबरोबर वर-खाली होते हे एकदा अंगाने कळलं की आठवीत दोन बिंदूंची आकृती (लांब जाणाऱ्या रेषा दोन अदृश्य बिंदूंना मिळतात ती) दहा मिनिटांत होते. फळ्यावर आधी रेषा शिकवल्या तर मुलं नंतर झाडालाही अदृश्य बिंदूकडे ओढतात.

मुलांचा हिरवा रंग डोळ्यांत का खुपतो?

कारण तो डबीतून थेट येतो. आठवडाभर डबीतल्या हिरव्यावर चिकटपट्टी लावून टाका. पिवळा आणि निळा, पिवळी माती (यलो ऑकर रंग) आणि निळा, पिवळा आणि चिमूटभर काळा, प्रत्येक जोडीतून वेगळा हिरवा निघतो. मुलांनी कागदाच्या कडेला सगळे हिरवे काढून खाली झाडांची नावं लिहायची: कडुनिंब, बाभूळ, संत्रा, साग. संत्र्याच्या पानाचा हिरवा गडद आणि चकचकीत, बाभळीचा धुळकट.

एक मुलगी चैत्रात कडुनिंब काढत होती आणि वाटीत लाल मिसळत होती. मी विचारलं तर बोट दाखवून म्हणाली, "तांब्याचा आहे ना तो." कोवळी पालवी खरंच तांबूस होती. मी त्या झाडाखालून रोज जात होते.

सावलीला काळा वापरायचा नाही असं का?

नियम म्हणून नाही. निव्वळ काळा सावलीला भोक करतो, सावलीतून काही दिसेनासं होतं. गडद निळा आणि गडद तपकिरी मिसळून जो जवळपास काळा होतो त्यात जीव असतो. मुलांना मिसळून बघू द्या. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत आकाशाचा निळा उजेड पडत असतो, म्हणून पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर दिसते. "मॅडम, सावली काहून निळी दिसून राहिली?" असं कुणी आपणहून विचारलं तर त्या दिवशी बाकीचं काही शिकवू नका.

लांबचे डोंगर निळे काढायचे, हे कायमचं खरं का?

हवा स्वच्छ असेल तर खरं. आपण आणि डोंगर यांच्यामधली हवा निळा उजेड जास्त विखुरते, म्हणून लांबचं निळसर आणि फिकं दिसतं. पण एप्रिल-मेच्या नागपुरात हवेत धूळ असते आणि लांबचं पांढुरकं, मळकट होतं. त्याला निळं रंगवलं की चित्र महाबळेश्वरचं वाटतं. मुलांना एकच गोष्ट धरायला सांगा: लांब जाताना काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होत जातो. रंग कोणता, ते खिडकीतून बघून ठरवा.

कागद-ब्रश किती महाग लागतो?

वहीच्या पातळ कागदावर जलरंग शिकवू नका, तो पापडासारखा फुगतो आणि मूल स्वतःला दोष देतं. २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) वरचा कागद, लहान तुकडे कापून. ३०० चा मिळाला तर उत्तम, पण तो रोज लागत नाही. एक १० किंवा १२ नंबरचा गोल ब्रश आणि एक ४ नंबरचा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सगळं मिळतं. चोवीस रंगांची पेटी घेऊ नका.

उठावशिल्प मातीशिवाय सुरू करता येईल?

सहावीपर्यंत मी तसंच करते. चपलांच्या खोक्यांचा पुठ्ठा आणायला सांगते. तीन छटांचं चित्र काढलंय ना? सगळ्यांत लांबचा थर म्हणजे खालचा अखंड पुठ्ठा. मधल्या थराचा आकार कापून त्यावर एक पुठ्ठा. जवळच्यासाठी दोन-तीन पुठ्ठे एकावर एक. वरून फेविकॉल लावलेला पातळ कागद किंवा स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद बसवून बोटाने कडा दाबायच्या. फॉइलवर काळी शाई फिरवून पुसली की खड्ड्यांत शाई राहते आणि उंचवटे चमकतात. दोन तासिकांत पाटी तयार.

नागपुरात माती कोणती घ्यायची?

अंगणातली काळी माती घेऊ नका. कापसाला चांगली असलेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. पाटीला तेच होणार.

शाडू बाजारात मिळते, बारीक असते, तपशील छान उमटतो, पण वाळल्यावर ठिसूळ. भाजायची नसेल तर शाडूत भिजवून कुटलेला कागदाचा लगदा मिसळा, तडे बरेच कमी होतात. भाजायची असेल तर कुंभाराची माती. महाल भागातल्या चितारओळीत मूर्तिकारांकडे विचारलंत तर माती कशी गाळायची, किती मुरवायची हे हातात घेऊन दाखवतात. मात्र गणपतीच्या आधीचे दोन महिने जाऊ नका, तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतर मुलांना घेऊन जा.

पाटी करण्याची तुमची पद्धत सांगाल?

सहा बाय आठ इंचाची पाटी. जमिनीवर ओलं फडकं अंथरायचं, दोन बाजूंना एक सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या, मध्ये माती, वरून लाटणं. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की जाडी सगळीकडे सारखी. चौकोन कापून फळीवर वर्तमानपत्र ठेवून त्यावर घ्यायचा. तीन छटांचं चित्र वर ठेवून रेषांवरून पिन टोचत जायचं. कागद उचलला की ठिपक्यांचं चित्र मातीवर.

आता चढवायला सुरुवात. माझा हिशेब असा: सगळ्यांत लांबचं फक्त रेषेने कोरलेलं. त्याच्या पुढचं २ मिलिमीटर, मधलं ५-६ मिलिमीटर, जवळचं दीड सेंटिमीटर. जिथे माती चिकटवायची तिथे आधी काट्याने खरवडायचं, पातळ चिखल लावायचा, मग नवी माती दाबायची. ही पायरी मुलं हमखास गाळतात आणि चार दिवसांनी झाड पाटीवरून गळून पडतं. 'खरवड, चिखल, दाब' असं मी फळ्यावर लिहून ठेवते.

सगळ्यांत अवघड जातं ते एक: जवळचं झाड जाड आहे म्हणून ते गोल खांबासारखं करायचं नाही. दीड सेंटिमीटरच्या पैशांत अख्खं झाड विकत घ्यायचंय. बुंध्याचा मधला भाग वर, कडा हळूहळू खाली. पानं एकेक करायची नाहीत. झाडीच्या गोळ्यांत सावली कुठे पडते तेवढंच दाबायचं. आणि दर दहा मिनिटांनी पाटी उचलून खिडकीशी तिरपी धरायची. टेबलावर आडवी ठेवून वरून बघितली की सगळंच छान दिसतं.

आभाळाचं काय? ते रिकामं सोडावं. ढग मातीत केले की उशा होतात.

पाट्यांना तडे जातात. काय चुकतं?

घाई. हा धडा मी महागात शिकले. एका शाळेत एप्रिलमध्ये प्रदर्शन जवळ आलं होतं, चाळीस पाट्या ओल्या. मी हुशारी करून त्या सकाळी गच्चीवर नेल्या. दुपारी वर गेले तर कडा पापडासारख्या वर वळलेल्या आणि जवळपास प्रत्येक पाटीवर मधून चीर. वरचा भाग आधी वाळून आकसला, खालचा ओलाच राहिला, मग मातीने दुसरं काय करावं? मुलांना सांगताना घसा कोरडा पडला. एकाने मात्र त्या चिरेलाच नदी करून टाकलं.

आता: सावलीत, कूलरच्या झोतापासून लांब, पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली, मग ओलसर फडक्याखाली, रोज एकदा पाटी उलटी. खाली वर्तमानपत्र असलं की आकसताना पाटी सरकू शकते, फळीला धरून ठेवत नाही. एक सेंटिमीटरच्या पाटीला साधारण आठ-दहा दिवस द्या, पावसाळ्यात जास्त.

पाट्या भाजाव्यात का?

कुंभार ओळखीचा असेल आणि माती त्याचीच असेल तर नक्की. पूर्ण वाळलेलीच पाटी द्या. गालाला लावून गार लागली तर आत अजून पाणी आहे. ते पाणी भट्टीत वाफ होऊन पाटी फोडतं आणि शेजारची मडकीही घेऊन जातं, मग कुंभार पुढच्या वर्षी दारात उभं करत नाही. जिथे माती दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तिथे मागून पोकळ करा.

प्लास्टरचा साचा मुलांकडून करून घ्यावा?

नववीच्या खाली नाही. नववी-दहावीला शिक्षकाच्या हाताखाली. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी मिळून घट्ट होताना गरम होतं. मोठ्या गोळ्यात ते भाजण्याइतकं तापू शकतं, म्हणून हाताचा ठसा घेण्यासाठी प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवणं पूर्ण बंद. पूड उडते, तेव्हा तोंडाला रुमाल. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. पूड पाण्याच्या वर बेटासारखी दिसू लागली की थांबायचं, हलक्या हाताने ढवळायचं आणि लगेच ओतायचं.

उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. ते पाइपमध्येही तितकंच छान घट्ट होतं. बादलीत सुकू द्या आणि तुकडे कचऱ्यात.

साचा काढायचा असेल तर पाटीत कुठेही खालून आत वळलेली कड नको, नाहीतर साचा अडकतो. बाकी साच्याचा मोह शाळेत आवरावा असं माझं मत आहे. एकच पाटी असली की मूल ती नीट घरी नेतं.

कोणती जुनी शिल्पं दाखवावीत?

महाबलीपुरमचा गंगावतरणाचा दगड. सातव्या शतकातला, पल्लवांच्या काळातला, साधारण ९६ फूट लांब आणि ४३ फूट उंच. खडकातल्या नैसर्गिक भेगेलाच गंगा केली आहे. मुलांना हत्ती दिसतात, मग मी म्हणते, मांजर शोधा. तिथे तपस्व्याची नक्कल करत उभं राहिलेलं मांजर आहे आणि पायाशी उंदीर. ते सापडेपर्यंत वर्ग शांत.

निसर्गचित्र आणि उठाव एकत्र बघायचे तर इटलीतल्या फ्लॉरेन्सचं, शिल्पकार गिबेर्तीचं काम. १४२५ ते १४५२, म्हणजे २७ वर्षं तो एका दाराच्या जोडीवर होता. दहा चौकटी. पुढची माणसं जवळजवळ सुटी होऊन बाहेर आलेली, मागची झाडं आणि इमारती नुसत्या खरवडल्यासारख्या. आपल्या दीड सेंटिमीटरच्या हिशेबाचा हा थोरला भाऊ.

आणि इथलं? अजबबंगला, म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासूनचं. दगडी शिल्पांच्या दालनात मुलांना अर्धा तास द्या, पण एकाच मूर्तीसमोर. सगळी दालनं फिरवली की बाहेर आल्यावर त्यांना फक्त पेंढा भरलेले प्राणी आठवतात.

प्रदर्शनात पाट्या सपाट का दिसतात?

ट्यूबलाइटमुळे. वरून, सगळीकडे सारखा पसरलेला उजेड सावली खाऊन टाकतो. भिंतीच्या एका कडेला साधा दिवा लावा, उजेड पाट्यांवरून घासत जाऊ द्या.

फोटो काढतानाही उजेड वरच्या डाव्या बाजूने येऊ द्या. खालून आला तर गंमत होते, उंचवटे खड्डे दिसू लागतात आणि खड्डे उंचवटे. उजेड वरूनच येणार असं आपला मेंदू धरून चालतो. पाटीचा फोटो मोबाइलवर उलटा करून मुलांना दाखवा, फुटाळ्याचं तळं टेकडी होऊन बसतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला याचा उपयोग होतो का?

सरळ नाही. रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असतं. निसर्गचित्राचा वेगळा पेपर नाही, मातीचा तर नाहीच. पण स्मरणचित्रात माणसांच्या मागे जत्रा, बाजार, शेत उभं करावं लागतं आणि तिथे बहुतेक मुलांची माणसं पडद्यासमोर उभी असल्यासारखी दिसतात. तीन थर बघायची सवय असलेल्या मुलाची तशी दिसत नाहीत. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठीच मूल पाठवलं असेल तर पालकांना हे एवढंच सांगते.

गुण कसे देता?

'हुबेहूब' या शब्दाला शून्य. मी तीन गोष्टी बघते: लांबचं-जवळचं वेगळं कळतं का, उजेड एकाच बाजूने येतो का, आणि मुलाने स्वतः पाहिलेलं निदान एक काहीतरी त्यात आहे का. तिसऱ्यासाठी मूल तोंडी सांगू शकतं. एकाने पाटीवर एक बारीक आडवी रेघ ओढली होती. मला ती चूक वाटली. तो म्हणाला, "ती मेट्रो आहे." पूर्ण गुण.

उरलेली माती फेकायची का?

अजिबात नाही. तुटलेले तुकडे ओलसर असतानाच पाण्यात टाकू नका, तसे ते महिनाभरही गोळाच राहतात. आधी उन्हात खडखडीत वाळू द्या. मग फोडून बादलीत टाका आणि वरून पाणी. तुकडे बुडबुडे सोडत आपोआप विरघळतात, हे बघायला मुलं बादलीभोवती कोंडाळं करतात. हात घालू देऊ नका, दोन दिवस तसंच राहू द्या. वरचं पाणी काढा, चिखल जुन्या चादरीवर पसरा, मळण्याइतका झाला की ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. माझ्याकडच्या मातीत अजून त्या गच्चीवरच्या चाळीस पाट्या आहेत.